'होप' आणि 'विश' कसं शिकवावं : मराठी माध्यमाच्या वर्गासाठी टप्प्याटप्प्यानं मार्गदर्शन

'आय विश यू विल गेट सक्सेस', 'आय विश आय विल गेट धिस जॉब', 'आय होप आय हॅड अ बाईक'. ही चुकीची वाक्यं इंग्रजीत कच्च्या मुलांचीच असतात असं नाही. 'विशच्या पुढे व्ही टू' (क्रियापदाचं भूतकाळी रूप) हे सूत्र घडाघडा म्हणणारी, 'डू ॲज डायरेक्टेड'मधली रिकामी जागा बरोबर भरणारी मुलंही भेटकार्डावर आणि मुलाखतीत हेच लिहितात आणि बोलतात. सूत्र त्यांना येतं. ते कधी वापरायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. आपण फळ्यावर पहिल्याच तासाला सूत्र लिहितो, खाली पाच उदाहरणं देतो आणि पुढच्या धड्याला लागतो. निवड शिकवायची राहून जाते.

म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी मराठीत निवड पक्की करायची, मग इंग्रजी रूप द्यायचं. आठवी ते बारावीच्या वर्गाला साधारण सहा तासिका लागतील. प्रौढांच्या 'स्पोकन इंग्लिश' वर्गालाही हाच क्रम चालतो.

आधीची तयारी

तीन गोष्टी जमल्याशिवाय पहिला टप्पा सुरू करू नका.

पहिली, क्रियापदांची रूपं. 'विश'मध्ये मुलं अडखळतात तेव्हा निम्म्या वेळा अडचण 'विश'ची नसते. 'ब्रिंग'चं 'ब्रॉट' आठवत नसतं. रोजच्या वापरातली पंचवीस-तीस क्रियापदं निवडा: हॅव, गो, कम, ब्रिंग, टेक, ईट, बाय, स्टडी, लिव्ह, फर्गेट, लूज अशी. त्यांचं व्ही टू आणि व्ही थ्री ('हॅड'नंतर येणारं तिसरं रूप) तोंडी घ्या. वर्ग अडखळत असेल तर एक तासिका इथेच खर्च करा.

दुसरी, 'कॅन'चा 'कुड' आणि 'हॅव टु'चा 'हॅड टु' होतो, हे माहीत हवं. मुलांच्या खऱ्या इच्छांमध्ये 'येत नाही' आणि 'करावं लागतं' सारखं येतं. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणांत ते फारसं नसतं.

तिसरी, मराठी वाक्यांचा साठा. आदल्या दिवशी मुलांना प्रत्येकी तीन मराठी वाक्यं लिहून आणायला सांगा: एक उद्याबद्दल, एक आजच्या परिस्थितीबद्दल, एक झालेल्या गोष्टीबद्दल. विषय तुम्हीच ठरवून द्या: शाळा, बस, पाऊस, क्रिकेट, परीक्षा, मोबाइल.

सावधान : 'तुमची सगळ्यात मोठी इच्छा लिहा' असं कधीही सांगू नका. वर्गात एखाद्याचे वडील नसतात, एखाद्याच्या घरी भांडणं चालू असतात. 'आज बाबा असते तर' हे वाक्य एखादं मूल मनापासून लिहितं आणि मग ते पन्नास जणांसमोर वाचून दाखवायची वेळ येते. व्याकरणाच्या सरावासाठी कुणाच्याही मनातलं असं उघड्यावर आणायची गरज नाही. वही गोळा केल्यावर तसं वाक्य दिसलं तर ते फळ्यावर घेऊ नका.

टप्पा १ : इंग्रजी बाजूला ठेवा, मराठी वाक्यं वेगळी करा

फळ्यावर फक्त दोन वाक्यं लिहा.

बस वेळेवर आली तर बरं.
बस वेळेवर आली असती तर बरं झालं असतं.

विचारा, 'पहिलं वाक्य म्हणणारा माणूस कुठे उभा आहे?' मुलं सांगतात, स्टॉपवर, बसची वाट बघत. 'आणि दुसरं म्हणणारा?' उशिरा पोचलाय, किंवा अजून स्टॉपवरच आहे आणि वेळ टळून गेलीय. पहिल्याची बस अजून येऊ शकते. दुसऱ्याची ती वेळ गेली. हा फरक मुलांना मराठीत जन्मापासून कळतो. त्याला इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत एवढंच सांगायचं: शक्यता उघडी असेल तर 'होप', मिटलेली असेल तर 'विश'.

आता मुलांनी आणलेली वाक्यं एकेक करून घ्या आणि हात वर करून ठरवू द्या. त्यांना एक खूण द्या. वाक्यात 'तर' असेल आणि सोबत 'असता, असती, असतं, असते' किंवा 'नसता, नसती, नसतं' ऐकू आलं, की 'विश'. 'असेल', 'होईल', 'अशी आशा आहे', 'आली तर बरं' ऐकू आलं, की 'होप'.

सावधान : नुसत्या 'असते'वर जाऊ नका. 'ती सोमवारी घरी असते' यात इच्छा नाही, रोजची सवय आहे. 'तर' सोबत आहे का, ते बघायलाच हवं.

एक प्रकार या खुणेत बसत नाही, आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. 'व्हावं, यावं, मिळावं' ही वाक्यं. 'आई लवकर बरी व्हावी' आणि 'मी डॉक्टर व्हावं अशी आईची इच्छा आहे' ही दोन्ही मराठीत सारख्याच घडणीची. शब्दकोशात इच्छेपुढे 'विश' लिहिलेलं असतं, म्हणून मुलं दोन्हीकडे 'विश' घालतात. दोन्हीकडे ते चुकतं. इथे वेगळा प्रश्न विचारायला शिकवा: 'कुणी काही करायला हवंय का?' दुसऱ्या वाक्यात मुलानं काहीतरी करावं असं आईला वाटतं, म्हणून 'माय मदर वॉन्ट्स मी टु बिकम अ डॉक्टर'. पहिल्या वाक्यात कुणाकडून काही करून घ्यायचं नाही, नुसतं व्हावंसं वाटतं, म्हणून 'आय होप माय मदर गेट्स वेल सून'.

आणि ज्या वाक्यात क्रियापदाच्या शेवटी 'ओ' येतो, म्हणजे 'तुला यश मिळो', 'देव तुझं भलं करो', तिथे इंग्रजीत 'मे' येतो. त्याकडे टप्पा ६ मध्ये पुन्हा वळू.

तपासणी : दहा मराठी वाक्यं वाचा. मुलांनी वहीत फक्त 'हो', 'वि', 'वॉ' किंवा 'मे' लिहायचं. दहापैकी आठ बरोबर येईपर्यंत एकही इंग्रजी वाक्य करायला देऊ नका.

टप्पा २ : 'होप'

हा टप्पा सोपा आहे, एका तासिकेत आटपतो. 'होप'नंतर क्रियापद साध्या काळात राहतं. पुढे घडायच्या गोष्टीसाठीही साधा वर्तमानकाळ चालतो: 'आय होप द बस कम्स ऑन टाइम', 'आय होप वुई विन'. 'आय होप वुई विल विन' हेही बरोबर आहे, त्यावर लाल रेघ मारू नका. मराठीतल्या 'जिंकू'वरून मुलं साहजिकच 'विल'कडे जातात. स्वतःबद्दल बोलताना 'आय होप टु' हे छोटं रूप फार कामाचं: 'आय होप टु जॉइन अ बँक'.

झालेल्या गोष्टीबद्दलही 'होप' येतो, जोवर आपल्याला निकाल कळलेला नाही: 'आय होप यू रीच्ड होम सेफली'. हे जरूर शिकवा. ते न शिकवल्यामुळे मुलांच्या डोक्यात 'होप म्हणजे भविष्य, विश म्हणजे भूतकाळ' अशी चुकीची विभागणी बसते आणि पुढे ती काढणं अवघड जातं.

उत्तरं द्यायलाही शिकवा. 'विल इट रेन?' 'आय होप सो.' 'विल वुई लूज?' 'आय होप नॉट.' मुलं 'आय डोन्ट होप सो' म्हणतात. तिथल्या तिथे दुरुस्त करा.

लेखनात एक चूक सारखी दिसते. 'होपिंग' लिहिताना 'पी' दोनदा लिहिला जातो. त्याचा अर्थ 'उड्या मारत' असा होतो. 'पी' एकदाच.

टप्पा ३ : 'विश', आत्ताच्या परिस्थितीबद्दल

आता मुख्य काम. फळ्याचे दोन भाग करा. डावीकडे शीर्षक 'खरं काय?', उजवीकडे 'काय असतं तर बरं?' प्रत्येक वाक्य आधी डावीकडे लिहायचं. हा नियम शेवटच्या तासापर्यंत मोडू नका.

डावीकडे : आय डोन्ट हॅव अ सायकल.
उजवीकडे : आय विश आय हॅड अ सायकल.

डावीकडे : आय कान्ट स्विम.
उजवीकडे : आय विश आय कुड स्विम.

डावीकडे : आय हॅव टु गेट अप ॲट फाइव्ह.
उजवीकडे : आय विश आय डिडन्ट हॅव टु गेट अप ॲट फाइव्ह.

डावीकडून उजवीकडे जाताना दोन गोष्टी घडतात. काळ एक पाऊल मागे जातो, आणि नकार-होकार उलटतो. मुलं पहिली गोष्ट करतात आणि दुसरी विसरतात. 'आय लिव्ह फार फ्रॉम स्कूल' यावरून 'आय विश आय लिव्ड फार फ्रॉम स्कूल' लिहितात. व्याकरणात काही चूक नाही, पण शाळा आणखी लांब असावी असा अर्थ झाला. ही चूक रिकाम्या जागांच्या सरावात कधीच सापडत नाही. दोन रकान्यांतच सापडते.

मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. 'आय विश आय हॅड अ सायकल' या वाक्यावर बोट ठेवून विचारा, 'हे म्हणणाऱ्या मुलीकडे सायकल आहे का?' जवळजवळ प्रत्येक वर्गात कोणीतरी म्हणतं, 'आता नाही, आधी होती.' त्याला 'हॅड' दिसला, आणि 'हॅड' म्हणजे 'होती' हे त्याला अनेक वर्षं शिकवलेलं आहे. त्याला चूक ठरवू नका. डावा रकाना दाखवा: 'इथे काय लिहिलंय? डोन्ट हॅव. आधी होती की नव्हती, हे या वाक्याला माहीतच नाही.' मग मराठी विचारा: 'माझ्याकडे सायकल असती तर'. यातल्या 'असती'चा अर्थ 'होती' असा होतो का? नाही. 'हॅड' इथे त्या 'असती'चं काम करतोय. एवढं पुरतं. अनरिअल पास्ट वगैरे नावं देऊन मुलांचं ओझं वाढवू नका.

'वॉज' की 'वेअर'? परीक्षेत आणि औपचारिक लेखनात 'आय विश आय वेअर टॉलर' लिहायला सांगा. बोलताना 'वॉज' सर्रास चालतं, तेव्हा बोलताना अडवू नका.

तपासणी : उजवं वाक्य तुम्ही सांगा, डावं मुलांनी सांगायचं. 'आय विश इट वेअरन्ट सो हॉट.' मुलांचं उत्तर 'इट इज हॉट' असं आलं पाहिजे. 'इट वॉज हॉट' आलं तर हा टप्पा पुन्हा घ्या, पुढे जाऊ नका.

टप्पा ४ : 'विश', होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल

हा टप्पा वेगळ्या दिवशी घ्या. तिसरा आणि चौथा एकाच तासाला घेतले तर दोन्ही जातात.

पद्धत तीच. डावीकडे 'आय डिडन्ट ब्रिंग माय अंब्रेला', उजवीकडे 'आय विश आय हॅड ब्रॉट माय अंब्रेला'. डावीकडे 'आय एट टू मच', उजवीकडे 'आय विश आय हॅडन्ट ईटन सो मच'. डावीकडचं वाक्य आधीच भूतकाळात आहे, म्हणून एक पाऊल मागे म्हणजे पास्ट परफेक्ट: 'हॅड' आणि व्ही थ्री. डावीकडे 'कुडन्ट' असेल तर उजवीकडे 'कुड हॅव': 'आय विश आय कुड हॅव कम'.

इथे मराठीची मदत थोडी जपून घ्यावी लागते. वरवर पाहता जोड्या जुळतात: नुसतं 'असती' म्हणजे व्ही टू, 'आणली असती' म्हणजे हॅड आणि व्ही थ्री. काही शिक्षक हाच नियम देतात. पण मराठी बोलताना आपण ही शिस्त पाळत नाही. 'मला पोहता आलं असतं तर!' हे वाक्य नदीकाठी उभं राहून आजच्याबद्दलही म्हटलं जातं आणि गेल्या वर्षीच्या शिबिराबद्दलही. आजच्याबद्दल असेल तर 'आय विश आय कुड स्विम', तेव्हाबद्दल असेल तर 'आय विश आय कुड हॅव स्वम'. आणखी पुढे जाऊन आपण म्हणतो, 'उद्या तू आली असतीस तर बरं झालं असतं.' रूप झालेल्या गोष्टीचं, पण बोलणं उद्याचं! मराठी रूपावर विसंबलेलं मूल इथे 'आय विश यू हॅड कम टुमारो' लिहितं. बरोबर वाक्य 'आय विश यू कुड कम टुमारो' किंवा 'आय विश यू वेअर कमिंग टुमारो'.

म्हणून मराठीवरून फक्त 'होप की विश' एवढंच ठरवायचं. काळ ठरवायला एकच प्रश्न: 'कधीची गोष्ट?' आत्ताची, तेव्हाची, की पुढची? डाव्या रकान्यातलं इंग्रजी वाक्य नीट लिहिलं असेल तर त्याचं उत्तर तिथेच असतं.

'मी अभ्यास करायला हवा होता' हे वाक्यही मुलं याच टप्प्यात आणतात. त्याला 'आय शुड हॅव स्टडीड' म्हणतात. 'आय विश आय हॅड स्टडीड' त्याच्या अगदी जवळचं आहे. पहिल्यात स्वतःला दोष आहे, दुसऱ्यात हळहळ. दोन्ही स्वीकारा.

तपासणी : ऐकण्याची. बोलताना 'आय हॅड' आणि 'आय वुड' दोन्ही आखडून 'आयड' होतात. 'आय विश आयड गॉन', 'आय विश आयड ब्रॉट इट', 'आय विश शीड कॉल' अशी वाक्यं सावकाश वाचा आणि पूर्ण रूप लिहायला सांगा. पुढे व्ही थ्री असेल तर 'हॅड', व्ही वन (मूळ रूप) असेल तर 'वुड'. तिसऱ्या वाक्यात 'वुड' कुठून आला, असं कोणीतरी विचारेलच. पुढचा टप्पा तोच.

टप्पा ५ : 'विश' आणि 'वुड'

'आय विश यू वुड स्टॉप शाउटिंग.' 'आय विश इट वुड स्टॉप रेनिंग.' मराठीत आपण 'जरा गप्प बसशील तर बरं!' म्हणतो, तो सूर. 'तर बरं' असूनही इथे 'होप' नाही. समोरचा करू शकतो पण करत नाही, म्हणून वैताग. तीन सूचना पुरेत.

१. 'आय विश आय वुड' लिहायचं नाही. स्वतःबद्दल 'कुड'.

२. 'असणं, माहीत असणं, मालकीचं असणं' यांना 'वुड' लागत नाही. 'आय विश आय वुड हॅव अ बाईक' ही अतिशय रुळलेली चूक आहे. 'हॅड' पुरतो.

३. वडीलधाऱ्यांशी किंवा साहेबांशी बोलताना हे रूप टाळायचं. विनंती करायची असेल तर 'कुड यू प्लीज'. व्याकरण बरोबर असूनही वाक्य उद्धट वाटू शकतं, हे मुलांना वर्गातच कळलेलं बरं.

टप्पा ६ : शुभेच्छा आणि अर्ज

इथे 'विश' अगदी वेगळं वागतो, म्हणून हे शेवटी ठेवलंय. सुरुवातीला घेतलं तर 'आय विश यू'च्या पुढे क्रियापद जोडायची सवय लागते.

भेटकार्डावर 'विश यू'नंतर नुसतं नाम येतं: 'आय विश यू अ हॅपी बर्थडे', 'आय विश यू सक्सेस'. क्रियापद वापरायचंच असेल तर दोन वाटा आहेत. 'आय होप यू गेट गुड मार्क्स', किंवा 'ओ'वाल्या मराठी वाक्यासाठी 'मे' आणि व्ही वन: 'मे यू हॅव अ लाँग लाइफ', 'मे गॉड ब्लेस यू'. 'मे यू विल' किंवा 'मे गॉड ब्लेसेस' नाही.

अर्जात 'आय विश टु अप्लाय फॉर द पोस्ट' हे पूर्ण बरोबर आहे. औपचारिक भाषेत त्याचा अर्थ 'मला अर्ज करायचा आहे' एवढाच. 'विशनंतर व्ही टू' शिकवल्यावर काही शिक्षक हेही खोडतात. खोडू नका. मात्र मुलाखतीला जाणाऱ्यांना बजावून सांगा: 'आय विश आय गॉट धिस जॉब' म्हटलं तर 'मिळणार नाहीच, पण मिळाली असती तर' असा सूर लागतो. तिथे 'आय होप टु वर्क हिअर' म्हणायचं.

टप्पा ७ : जोडीनं बोलणं

एकेका मुलाला उभं करून वाक्य म्हणायला लावलं तर साठच्या वर्गात प्रत्येकाला एकदाच तोंड उघडायला मिळतं. बाकावरच्या जोड्या करा. एकानं फक्त डावं वाक्य सांगायचं: 'आय फर्गॉट माय टिफिन.' दुसऱ्यानं लगेच म्हणायचं: 'सो यू विश यू हॅडन्ट फर्गॉटन इट.' मग पहिल्यानं होप जोडायचा: 'येस. आय होप समबडी शेअर्स विथ मी.' पाच मिनिटांनी भूमिका बदला. तुम्ही बाकांमधून फिरा, मधे थांबवू नका. ऐकलेल्या चुका वहीत टिपा आणि शेवटी नाव न घेता फळ्यावर घ्या.

टप्पा ८ : चाचणी

रिकाम्या जागा देऊ नका. त्यात 'विश' आधीच छापलेला असतो, निवड करायची वेळच येत नाही. मराठीत प्रसंग द्या, मुलांनी एक इंग्रजी वाक्य लिहायचं.

मित्राचा उद्या पेपर आहे. (आय होप यू डू वेल.)
तुम्ही चौथ्या मजल्यावर राहता, लिफ्ट नाही. (आय विश वुई हॅड अ लिफ्ट.)
काल मॅच बघत बसलात, आज झोप येतेय. (आय विश आय हॅडन्ट वॉच्ड द मॅच.)
शेजारी रात्री मोठ्यानं गाणी लावतात. (आय विश दे वुड टर्न इट डाउन.)
ताई प्रवासाला गेलीय, पोचली का माहीत नाही. (आय होप शी हॅज रीच्ड.)
मावशीला उद्याच्या लग्नाला यायला जमणार नाही. (आय विश शी कुड कम.)

तपासताना दोन वेगळे गुण ठेवा: एक निवडीसाठी, एक रूपासाठी. 'आय विश वुई हॅव अ लिफ्ट' लिहिणाऱ्याला निवडीचा गुण मिळाला पाहिजे. त्याला टप्पा ३ पुन्हा हवा आहे. 'आय होप वुई हॅड अ लिफ्ट' लिहिणाऱ्याला टप्पा १. दोघांनाही सरसकट शून्य दिलं तर कुणाला काय पुन्हा शिकवायचं, हे तुम्हाला कळणार नाही.

हीच चाचणी तीन-चार आठवड्यांनी, प्रसंग बदलून आणि आधी न सांगता पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी उद्याच्या लग्नासारखा प्रसंग एकाऐवजी दोनदा घाला, कारण सगळ्यात आधी विसरलं जातं ते तेच.